झेंड्याचा मान

सुबेदार फडतरे खुर्चीत मान मागं टाकून बसले होते. तोंडभर साबणाचा फेस, डोळे मिटलेले आणि आमच्या नानांचा वस्तरा नेमका त्यांच्या गळ्यावर. तेवढ्यात त्यांनी तोंड उघडलं.

"नाना, यंदा झेंड्याचं जरा येगळं ठरलंय."

नानांनी वस्तरा उचलून धरला. मी जेवणाचा डबा घेऊन दुकानाच्या दारात उभी होते. सव्वीस जानेवारी परवावर आली होती.

"काय ठरलंय?" नानांनी विचारलं.

"आजवर वयानं थोरला असंल त्यानं झेंडा लावायचा, असं चालत आलं. पर माजी सैनिक संघटनेत इचार झाला, ते काय बरुबर न्हाई. फौजेत वय कोण बघतं? हुद्दा बघत्यात. तवा हितनं पुढं हुद्द्यानं थोरला असंल त्यो लावंल."

"बरं," नाना म्हणाले आणि हनुवटीखालची राहिलेली दाढी करायला लागले.

बरं! अहो, बरं काय बरं? माणूस तुमच्या तोंडचा घास काढून घेतोय, त्याचा गळा तुमच्या वस्तऱ्याखाली आहे, आणि तुम्ही म्हणता बरं? मी असते तर निदान एक ओरखडा तरी उठवला असता. नानांनी मात्र त्या माणसाच्या गालाला तुरटी लावली, कोमट टॉवेलनं तोंड पुसलं आणि मान दोन्ही बाजूंनी वळवून बघितली, कुठं काही राहिलं तर नाही ना म्हणून.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक फौजी असलेलं. शाळेच्या पटांगणात सव्वीस जानेवारीला झेंडा लागतो, तो सरपंचाच्या हातानं नाही आणि हेडमास्तरांच्याही नाही. गावातला सगळ्यात म्हातारा माजी सैनिक झेंडा लावतो. माझ्या आठवणीत कायम कॅप्टन शेडगे लावायचे. ते वयानंही मोठे होते, हुद्द्यानंही. त्या वर्षी दिवाळीनंतर ते वारले, आणि पाळी आली हवालदार यशवंत टिपुगडे यांची. म्हणजे आमच्या नानांची. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

माझे वडील, म्हणजे नाना, फौजेत न्हावी होते. गावातही न्हावी आणि पलटणीतही न्हावी. पासष्टची लढाई त्यांनी बघितली, एकाहत्तरची बघितली, आणि पेन्शन घेऊन आल्यावर एसटी स्टँडसमोर दुकान टाकलं. दर पंचवीस जानेवारीला गावातले सगळे माजी सैनिक त्यांच्याकडं केस कापायला यायचे. झेंड्याची कटिंग म्हणायचे त्याला. त्या दिवशी नाना कुणाकडून काही घेत नसत. सकाळपासून उभे राहायचे आणि एकेकाचं डोकं असं तयार करायचे, की जणू उद्या साहेबाची परेड आहे.

तर, त्या दुकानाच्या दारातूनच मी विचारलं, "सुबेदारकाका, मग आता गावात हुद्द्यानं मोठं कोण?"

सुबेदारांनी आरशातूनच माझ्याकडं बघितलं. "आता बघ, कॅप्टन गेलं. म्हंजे मीच म्हणायचं की."

"अस्सं! आणि ही विचार करणारी संघटना, तिचे अध्यक्ष कोण?"

"शालन," नाना म्हणाले, "डबा ठेव आन घरी जा."

"जाते. पण हा हुद्द्याचा नियम कॅप्टन होते तोवर कुणाला सुचला नव्हता तो?"

"शालन!"

मी डबा आपटला आणि निघाले. मागून सुबेदारांचं हसणं ऐकू आलं. "पोरगी डी.एड. झाली न्हवं? मास्तरीण शोभंल."

घरी आले ती तशीच धुमसत. आई ओसरीवर बसून चिंचेच्या कोळानं नानांची पदकं घासत होती. तिची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. धड भाकरी थापता येत नव्हती, पण पदकं घासायला तिनं मला हात लावू दिला नव्हता. दिवाळीपासून तिचं हे एकच चाललं होतं. नानांचा निळा कोट तिनं साताऱ्याहून ड्रायक्लीन करून आणवला होता. थोरल्या दोघी बहिणींना सांगावे धाडले होते, जावयांसकट या म्हणून.

मी सगळं सांगितलं. तिनं पदक पदराला पुसलं आणि बाजूला ठेवलं.

"त्यांनी काय म्हटलं?"

"काय म्हणणार? बरं म्हणाले."

"म्हणणारच," आई म्हणाली. "त्यांच्या तोंडाला जीभ न्हाई आन पाठीला कणाबी न्हाई."

आई रागावली की असं बोलायची. पण नानांविरुद्ध दुसरं कुणी बोललं तर खपवून घ्यायची नाही. का घेईल? दहा वर्षं त्या माणसानं रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तिची वेणी घातली होती. तिचे हात मानेमागं जात नव्हते म्हणून. गावातल्या बाया हसायच्या, न्हाव्याची बायको म्हणून फुकट चैन आहे म्हणायच्या. आमच्या तिघी बहिणींच्या वेण्याही तेच घालायचे. रजेवर आले की पहिल्या दिवशी ओळीनं तिघींना पाटावर बसवायचे. भांग असा सरळ पडायचा की शाळेत बाई विचारायच्या, तुमच्या आईनं पट्टी धरून पाडला का? आई नव्हे, बाई, आमचे वडील, असं मी मोठ्या ऐटीत सांगायचे. मुलगा पाहिजे होता का, असं त्यांना कुणी विचारलं की म्हणायचे, "माझ्या घरात डोकी लय हायेत, अजून एक कुठं ठेवू?"

त्या संध्याकाळी नाना घरी आले आणि हातपाय धुऊन परसात गेले. मी मागच्या दारातून बघितलं. कपडे वाळत घालायच्या दोरीला त्यांनी उपरणं घडी करून बांधलं होतं, आत फुलांच्या पाकळ्या घालून गाठ मारली होती. दिवाळीपासून ते रोज अशी गाठ मारून बघायचे. दोरी ओढली की उपरणं झटक्यात उलगडलं पाहिजे आणि पाकळ्या खाली सांडल्या पाहिजेत. आज त्यांनी दोरी ओढली नाही. गाठ हातानं सोडली आणि उपरणं खांद्यावर टाकलं.

"नाना, तुम्हाला वाईट वाटत नाही?"

"वाटतं की गं," ते म्हणाले. "का न्हाई वाटणार? मलाबी वाटत हुतं, एकदा आपल्या हातानं लावावा."

"मग भांडा की!"

"त्याच्याशी न्हाई भांडत मी."

"का? तो कोण लागून गेला?"

पाकळ्या गोळा करून नानांनी तुळशीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं, निदान दुकान तरी बंद ठेवतील. कसलं काय! उजाडायला दुकानाची फळी उघडली, आणि झेंड्याच्या कटिंगला रांग लागली. सगळे आले. सगळ्यांना ठराव माहीत होता. कुणाची मान वर होत नव्हती, पण डोकं मात्र सगळ्यांनी पुढं केलं. एकटे भिकूकाका लाड तेवढे खुर्चीत बसताना पुटपुटले, "यशवंता, झालं ते काय बरं झालं न्हाई गड्या." भिकूकाका आणि नाना एकाच पलटणीतले. पण संघटनेच्या मीटिंगमध्ये भिकूकाकांनीही हात वरच केला होता. कळवळा सगळा खुर्चीत बसल्यावर!

मी चप्पल घातली आणि सरळ फडतऱ्यांचं घर गाठलं.

सुबेदार पडवीत झोपाळ्यावर बसून उद्याच्या भाषणाची तयारी करत होते. मला बघून म्हणाले, "ये मास्तरीण. भांडाय आलीस?"

"हो, भांडायलाच आलेय. नानांचं काय चुकलं, ते मला सांगा."

"चुकलं कुठं? तुझा बाप सोन्यासारखा माणूस हाय."

"मग त्यांचा मान का काढून घेतलात?"

"हे बघ पोरी," ते झोपाळा थांबवून म्हणाले, "झेंडा ह्यो लढणाऱ्याचा मान. तुझ्या बापानं बंदूक धरली का कधी लढाईत?"

"तुम्ही धरली?"

त्यांचा चेहरा उतरला. सुबेदार फौजेत गेले ते एकाहत्तरची लढाई संपल्यावर. सगळी नोकरी शांततेत काढली, पुण्यात नाहीतर झाशीत. लढाई त्यांनी बघितली ती सिनेमात.

"ते निराळं," ते म्हणाले. "मी लढाऊ भरती. ह्यो ट्रेड्समन. न्हावी, धोबी, आचारी, ह्येंची गणती निराळी असते. आन खरं सांगू का? उद्या पंचक्रोशीतली माणसं येत्यात, तालुक्याचा सायब येतोय. अमक्या गावात न्हाव्यानं झेंडा लावला, असं झालं तर लोक तोंडात शेण घालतील."

आलं पोटातलं ओठावर! एवढा वेळ हुद्दा, शिस्त, संघटना चाललं होतं. मी काय बोलणार होते देव जाणे, पण तेवढ्यात आतून काठी टेकत बायजाआजी आल्या.

बायजाआजी म्हणजे सुबेदारांची आई. त्यांचा थोरला मुलगा सर्जेराव एकाहत्तरच्या लढाईत गेला. तोही नानांच्याच पलटणीत होता. गाव त्यांना वीरमाता म्हणायचं. दर सव्वीस जानेवारीला पहिली शाल आणि पहिला नारळ त्यांचा.

"कोण हाय गं?" आजींना नीट दिसत नव्हतं.

"यशवंत टिपुगड्यांची शालन, आजी."

"यशवंताची व्हय? ये, अशी जवळ ये." त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तुझ्या बापाचं लई उपकार हायती बाई आमच्यावर. माझ्या सर्जाची शेवटची दाढी त्यानं क्येली."

घरात आजवर हे कुणी बोललं नव्हतं.

"सर्जाच्या अस्थी घिऊन यशवंतच आला हुता रजेवर. म्या इचारलं, माझं ल्येकरू कसं दिसत हुतं रं? तर म्हणला, छातीत गोळी लागली, पर तोंड कसं झोपल्यावाणी. दाढी वाढली हुती लढाईत, म्हणून म्या पाणी गरम करून दाढी क्येली, क्यास इंचरलं, मग अग्नी दिला. माझा सर्जा नवरदेवावाणी ग्येला बाई. त्येवढ्यावर म्या दिस काढलं."

"आये, आत जा," सुबेदार एकदम उठले. "वारं लागंल तुला."

"मला काय हुतंय?"

"आत जा म्हणतो न्हवं!"

त्यांनी आजींचा दंड धरून त्यांना आत नेलं. मला वाटलं, चपराक बसली म्हणून तोंड लपवतोय. सख्ख्या भावाला ज्यानं नवरदेवासारखं पाठवलं, त्यालाच हा म्हणतो तुझी गणती निराळी! रस्त्यानं येताना माझ्या अंगाची लाही होत होती. पण आता माझ्या हातात काहीतरी आलं होतं. उद्या पटांगणात, तालुक्याच्या साहेबासमोर, सगळ्या गावासमोर मी उठून हे सांगणार, हे मी तिथंच ठरवून टाकलं. मग बघू कोण दोरी ओढतो ते.

सव्वीस तारखेला पहाटे आई पाटावर बसली होती आणि नाना तिची वेणी घालत होते. अंगात निळा कोट, छातीला पदकं. झेंडा लावायचा नसला तरी जायचं होतंच. मी चुलीपुढून म्हणाले, "नाना, मला सगळं कळलंय. सर्जेरावांची दाढी तुम्ही केली होती. आज मी ते बोलणार आहे सगळ्यांसमोर."

नानांचे हात थांबले.

"कुणी सांगितलं?"

"बायजाआजींनी."

"तू काही बोलायचं न्हाईस."

"मी बोलणार! तुम्ही नका बोलू, तुम्ही बरं म्हणा. मी मात्र..."

"शालन, तसं काही झालंच न्हाई."

मला समजेना. आई मान न वळवता म्हणाली, "सांगून टाका आता तिला. न्हाईतर ही पोरगी घात करंल."

नानांनी कंगवा परत केसांत घातला. आईच्या केसांकडं बघतच ते बोलले, माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"लढाई लागली की न्हाव्याच्या हातात वस्तरा ऱ्हात न्हाई. न्हावी, धोबी, आचारी, समद्यांच्या हातात स्ट्रेचर येतं. पुढं जायचं आन पडलेली माणसं उचलून आणायची. सर्जाचा पाय सुरुंगावर पडला. चौघं हुते तिथं, एकाच जागी. कोण कुठला, काय कळत नव्हतं. तोंड राहिलंच नव्हतं, तर दाढी कुणाची करू?"

चुलीवरचा चहा उतू गेला. मी उठले नाही.

"सायब म्हणाले, ओळख पटत न्हाई, बेपत्ता लिवा. मी म्हटलं, थांबा. लढाईच्या आधी समद्यांची डोकी मीच केली हुती. सर्जाच्या मानेवर, केसांच्या कडेला एक भोवरा हुता. तिथं मशीन कधी सरळ जायाची न्हाई, म्हणून मी तिथं कायम कात्रीनं कापायचो. त्या खुणेवर ओळखला त्याला. मग भिकूनं आन मी त्याला गोळा केला." नानांनी वेणीचा पुढचा पेड घातला. "बेपत्ता लिवलं असतं, तर ती माउली जन्मभर दाराकडं बघत बसली असती. एसटी थांबली की उठून बघितलं असतं, उतरला का म्हणून."

"मग दाढीचं का सांगितलंत?"

"तिनं इचारलं, यशवंता, तू न्हावी, माझ्या ल्येकरासाठी शेवटी काय केलंस? आता काय सांगू तिला? जे माझ्या हातानं करता आलं असतं, ते सांगितलं."

आई डोळे पुसत होती. नानांनी वेणीचं टोक रिबिनीत गुंडाळलं.

"तू आज दाढीचं बोललीस, तर कुणीतरी म्हणंल, कसली दाढी? भिकूच म्हणंल, त्याला तोंड आवरत न्हाई. एकाचं दोन होईल, आन म्हातारी पहिल्या खुर्चीत बसल्याली असंल. तिच्या म्होरं ते निघालं, तर झेंडा घिऊन काय करू मी?"

"मग सुबेदारांना एकट्याला सांगा. भाऊ आहे, कळू दे त्याला."

नानांनी कंगवा पुसून कोनाड्यात ठेवला. मला वाटलं, भावाचंही मन राखतायत.

पटांगणात गेलो तेव्हा सगळं सजलं होतं. बायजाआजी पहिल्या खुर्चीत, अंगावर नवी शाल. नाना माजी सैनिकांच्या रांगेत उभे राहायला गेले, तर रांगही हुद्द्यानं लावली होती. ते शेवटी जाऊन उभे राहिले. काल ज्यांच्या माना त्यांनी साफ केल्या होत्या, त्या सगळ्या माना त्यांच्यापुढं ओळीनं उभ्या होत्या.

सुबेदारांनी आधी भाषण केलं. भावानं छातीवर गोळी झेलली, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. आजींनी पदर डोळ्याला लावला. मग त्यांनी जरा हसून सांगितलं, "फौजेत सगळ्यांचीच गरज असते. कोणी बंदूक चालवतो, कोणी कात्री चालवतो." लोक हसले. तालुक्याचा साहेबही हसला. माझ्या दोन्ही बहिणी नवऱ्यांसकट आल्या होत्या, त्यांनी माना खाली घातल्या. मी उठले. खरंच उठले. तोंडापर्यंत आलं होतं सगळं. नानांनी रांगेच्या टोकावरून माझ्याकडं नुसतं बघितलं, आणि मग पहिल्या खुर्चीकडं बघितलं.

मी खाली बसणार तोच सुबेदारांनी दोरी ओढली आणि राष्ट्रगीत सुरू झालं. आता हलायचीही सोय नाही! हात अंगाशी धरून मी ताठ उभी होते. नाना सलाम ठोकून उभे होते. त्यांचा सलाम रांगेत सगळ्यात सरळ होता, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

पुढं मला नोकरी लागली आणि फिरत फिरत बदली आमच्याच शाळेत झाली. झेंडा दर वर्षी सुबेदारच लावत राहिले. नाना दर पंचवीस तारखेला त्यांची कटिंग करत राहिले, आणि एके दिवशी दुकानातच, गिऱ्हाइकाच्या डोक्याला तेल लावता लावता गेले. शोकसभेत सुबेदार बोलले. "लढवय्या नव्हता, पण हाताला गोडी होती." मी ऐकून घेतलं. बायजाआजी तेव्हा होत्या. त्या नानांच्या मयताला काठी टेकत आल्या होत्या आणि आईच्या गळ्यात पडून रडल्या होत्या, यशवंता, वर माझ्या सर्जाला माझी खुशाली सांग म्हणून.

नंतर दोन वर्षांनी आजीही गेल्या. त्यानंतरच्या पंचवीस जानेवारीला संध्याकाळी मी पुन्हा फडतऱ्यांच्या पडवीत गेले. सुबेदार एकटेच झोपाळ्यावर होते, केस पिकलेले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सुरुंग, भोवरा, बेपत्ता, सगळं. मला वाटलं होतं, हा माणूस ऐकून कोसळेल. खरं सांगते, तो कोसळावा म्हणूनच मी गेले होते.

त्यांनी सगळं ऐकलं. झोपाळा हलत होता तसाच हलत राहिला.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"सगळं. नाना अस्थी घिऊन आला तवा फाट्यावर मीच गेलो हुतो आणायला. त्यानं मला खरं ते सांगितलं. मीच त्याचं पाय धरलं, आयेला सांगू नगंस म्हणून. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठिवला. आयेच्या कानावर कधी येऊ देणार न्हाई म्हणाला."

मी झोपाळ्याची कडी धरून तो थांबवला.

"ठाऊक असून? ठाऊक असून तुम्ही त्यांना रांगेच्या शेवटाला उभं केलंत? कात्री म्हणून हसवलंत लोकांना?"

"झेंडा मला पायजे हुता. अध्यक्ष झालो हुतो, गावात वट हुती. आन नाना बोलणार न्हाई, हे मला म्हाईत हुतं."

हे किती साधेपणानं सांगितलं त्यांनी! म्हणजे त्या दिवशी वस्तरा गळ्यावर असताना हा माणूस डोळे मिटून निवांत का बसला होता, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

"आता उकरून काय हुणार हाय?" ते म्हणाले. "आये गेली, नाना गेला. सर्जाचं नाव हाय गावात, ते तरी ऱ्हाऊ दे."

"सर्जेरावांचं नाव राहीलच. ते नानांनीच राखलंय. तुमची आई होती तोवर नाना गप्प बसले, आणि मीही बसले. तुमच्यासाठी आता कोण गप्प बसणार?"

"शालन, ऐक..."

मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले. निळा कोट, फेटा, छातीला बिल्ले. मी बोलणार नाही अशीच त्यांची समजूत असावी. बापावर गेली असेल, म्हणाले असतील मनात. दोरी हातात घेऊन ते खांबापाशी उभे राहिले. पटांगण भरलेलं होतं. पहिल्या ओळीत आई बसली होती, तिची वेणी आज मी घातली होती. आमच्या शाळेत सूत्रसंचालन माझ्याकडं असतं, त्यामुळं माइक माझ्याच हातात होता.

"झेंडा लावण्याआधी सुबेदारसाहेबांनी जरा थांबावं," मी म्हणाले. भिकूकाका लाड काठीवर रेलून बसले होते, त्यांनी मान वर केली.

"एकाहत्तरच्या लढाईत आपल्या गावचा एक जवान असा पडला, की तो कुणालाच ओळखू येईना," मी सुरुवात केली. "त्याला ज्यानं ओळखलं, तो न्हावी होता."